निर्मला ऊर्फ मोडनिंबी

गुरुजी, काल शाळेत तुमची शोकसभा झाली. तुम्ही असता तर पहिल्याच भाषणाला खडू शोधायच्या निमित्तानं उठून गेला असता.

तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला होता. ती हातांची, गादीची खुर्ची, जिच्यावर साहेब तपासणीला आले तरी तुम्ही बसत नव्हता. हार एवढा मोठा की फोटोत नुसती टोपी आणि डोळे दिसत होते. एकामागून एक माणसं उठली. कुणी म्हणालं तुम्ही चंदन होता, कुणी म्हणालं दिवा होता. नवे हेडमास्तर म्हणाले, "गुरुजींचं उभ्या आयुष्यात कुणाशी भांडण झालं नाही." तेव्हा मी मागं बसून मोठ्यानं हसलो. लोकांनी वळून बघितलं. बघू दे की. ज्या माणसानं माझी नात पहिलीत आल्यापासून ती सातवीत जाईपर्यंत माझ्याशी भांडण चालू ठेवलं, दवाखान्याच्या खाटेवर पडूनसुद्धा चालू ठेवलं, तो म्हणे कुणाशी भांडला नाही. मग मी कोण होतो, भिंत?

शेवटी कुणीतरी म्हणालं, वस्तीतल्या कुणाला दोन शब्द बोलायचे असले तर बोला. मी उठलो. "माझं आन् गुरुजींचं एका नावावरनं वाकडं हुतं," एवढंच बोललो, तर हेडमास्तर हात जोडत पुढं आले.

"बाबा, वेळ झाला. तुम्ही असं करा, लिहून द्या. स्मृतिअंकात घेऊ. भाषेचं आम्ही बघतो, नीट करून घेतो."

हे 'नीट करून घेतो' मी जन्मापासून ऐकतोय. इंग्रज सरकारनं आमच्या जातीला चोर ठरवून काटेरी तारेत घातलं तेही नीट करण्यासाठीच. म्हणून हेडमास्तरांना इथंच सांगतो. मला दोन इयत्ता येतात, त्याही तारेच्या आतल्या. वेलांट्या, उकार, काय सुधारायचं ते खुशाल सुधारा. नावं सुधारायची नाहीत. एकही नाही.

गुरुजी, तुम्ही पहिल्यांदा वस्तीत आला तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. उन्हाळा होता. हातात छत्री, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात, आणि मागं आमची सगळी कुत्री. शाळेसाठी पोरं गोळा करायला आला होता. पारावर बसला आणि एकेका पोराला नाव विचारत सुटला.

"तुझं नाव काय बाळ?"

"वाळूज."

"आणि तुझं?"

"पंचनाम्या."

तुमची पेन्सिल थांबली. तुम्ही माझ्याकडं बघितलं. "अहो, ही नावं आहेत की टिंगल?"

मी म्हणालो, "गुरुजी, आमच्यात पोर ज्या दिवशी, ज्या जागी हुतं, त्या दिवसाचं न्हायतर जागंचं नाव त्याला लागतं. आमच्याकडं ना पंचांग, ना जन्माचा दाखला. पोराचं नाव म्हंजी त्येचा दाखला."

"आणि तुमचं नाव?"

"हजेऱ्या."

तुम्ही हसला नाहीत. त्याबद्दल तुम्हाला तेव्हाही मनातनं मानलं होतं. हेच नाव का, असं तुम्ही विचारलंत, म्हणून मी सांगितलं. सेटलमेंटला काटेरी तार होती आणि तारेच्या आत रोज हजेरी व्हायची. बाप्यांची, बायांची, पोरांची. सकाळच्या हजेरीला माझी आई एकटी उभी होती. संध्याकाळच्या हजेरीला मला पदरात घेऊन उभी होती. साहेबानं वहीत एक माणूस वाढवला आणि त्या घडीपासून मी सरकारी गुन्हेगार झालो. डोळे उघडले नव्हते, पण गुन्हेगार. गुन्हा काय? तर या आईच्या पोटी आलो. तार तोडली तेव्हा मी गिरणीत साच्यावर कापड विणत होतो. लोक नाचत आले. माझं निम्मं आयुष्य हजेरी देण्यात गेलं होतं, तरी मी नाव बदललं नाही. तार त्यांनी घातली होती. नाव माझ्या आईनं ठेवलं होतं.

माझा लेक झाला तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. तो भोंग्या. आणि त्याची लेक झाली मोडनिंबला. ती मोडनिंबी.

ती कशी झाली हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, पण आज या अंकात वाचणाऱ्यांसाठी परत सांगतो. भोंग्या आणि सून मोडनिंबच्या बाजारला गेले होते, चाळण्या आणि सुया विकायला. बाजारात कुणाची तरी पिशवी गेली. परकी माणसं कोण, तर हे दोघं. भोंग्याला धरून बसवलं. सुनेचे दिवस भरलेले, तिला भर बाजारात कळा सुरू झाल्या. लोक लांब उभे राहिले. तेव्हा भज्याचं दुकान चालवणारी एक म्हातारी उठली, कढई खाली उतरवली, सुनेला दुकानाच्या मागं नेलं, आपलं लुगडं फाडलं आणि माझी नात या जगात आणली. पिशवी संध्याकाळी सापडली म्हणे, बैलगाडीतच होती. भोंग्याला सोडलं. म्हातारीनं पोरगी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही आमच्या गावची लेक हाय. कुणी इचारलं तर सांगा."

आमच्यातल्या कुणालाही विचारा, मूळ गाव कुठलं? कुणाला सांगता येत नाही. बापजादे फिरत राहिले, मग तारेत बसले. सरकारी कागदावर गावाच्या रकान्यात आमच्या पुढं रेघ असते. आमच्या सगळ्या खानदानात गाव मिळालेली ही पहिली पोरगी. तिचं नाव दुसरं काय ठेवायचं होतं गुरुजी?

तुम्ही ठेवलंत. निर्मला.

पहिलीत पोरगी घातली आणि आठवड्यानं घरी येऊन म्हणाली, "आजा, मी शाळंत निर्मला हाय. निर्मला भगवान हजारे." मी तसाच उठून शाळेत आलो. तुम्ही वर्गात पाढे घेत होता. मी दारातच उभा राहिलो.

"हे हजारे कोण वो?"

"तुम्ही," तुम्ही म्हणालात. "हजेऱ्याचं हजारे केलं. शोभतं. भोंग्याचं भगवान केलं."

"आन् मोडनिंबीचं?"

तुम्ही बाहेर आलात, आवाज खाली घेतलात. "बाबा, ऐका. उद्या ही हायस्कुलात जाईल. पुढं जाईल. वर्गात मास्तर नाव पुकारतील आणि साठ पोरं हसतील. नावावरनं वस्ती कळते, वस्तीवरनं जात कळते. मी तिला एक चांगलं नाव दिलं तर तुमचं काय गेलं?"

"चांगलं नाव तिला हुतं."

"तुम्ही हट्टी आहात."

"तुमी पन की."

"होगली बिडु," तुम्ही म्हणालात आणि आत गेलात. तुमच्या कानडीतलं हे 'जाऊ दे, सोड' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढं ते मला पाठ झालं. वाद हरायची वेळ आली की तुम्हाला कानडी आठवायची.

मी तुमच्यावर रागावलो, पण पोरगी शाळेतून काढली नाही. हे लोकांना कळत नव्हतं. वस्तीतली माणसं म्हणायची, एवढा राग आहे तर पोरगी कशाला पाठवतोस? मी म्हणायचो, भांडण मास्तराशी आहे, शाळेशी नाही. आणि खरं सांगायचं तर भांडण तुमच्या हेतूशीही नव्हतं. तुमच्या खिशात पोरांसाठी शेंगदाणे असायचे. ज्याच्या अंगावर सदरा नसेल त्याला तुम्ही घरी पाठवत नव्हता, पहिल्या ओळीत उन्हाच्या कवडशात बसवत होता. मला सगळं दिसत होतं. म्हणून तर जास्त राग यायचा. वाईट माणसानं नाव पुसलं तर त्याच्याशी भांडता येतं. चांगला माणूस हसत हसत पुसतो, तेव्हा काय करायचं?

मग तो कागद आला. जगानं हे वर्ष मुलांचं म्हणून ठरवलंय, असं तुम्ही सांगितलंत, आणि वरनं हुकूम होता की मुलांचे हक्क गावोगाव वाचून दाखवा. जगातले सगळे देश एका जागी बसले आणि त्यांनी कबूल केलं की मुलाला अमुक मिळालं पाहिजे, तमुक मिळालं पाहिजे. आपल्या देशानंही मान हलवली. कबूल करून वीस वर्षं झाली म्हणे, वस्तीपर्यंत यायला एवढा वेळ लागला. तुम्ही पारावर उभं राहून वाचायला लागला.

मुलाला पोटभर खायला मिळालं पाहिजे, असं आलं तेव्हा आमची सखूआजी म्हणाली, "देनार कोन त्ये बी लिवलंय का?" मुलाला खेळायचा हक्क आहे, असं आलं तेव्हा बाया हसायला लागल्या. "आगं बया, खेळाय बी परवानगी लागती व्हय आता!" तुम्ही घाम पुसत वाचत होता. शिक्षण आलं, औषधपाणी आलं, कमी वयात कामाला जुंपू नये हे आलं. जात, धर्म, जन्म बघून भेद करू नये हेही आलं. आणि मधेच आलं, की मुलाला जन्मल्या घडीपासून नावाचा आणि देशाचा हक्क आहे.

"थांबा," मी म्हणालो. "परत वाचा."

तुम्ही वाचलंत. या वेळी हळू.

"गुरुजी, त्येच्यात 'चांगलं नाव' असं लिवलंय का नुसतं 'नाव'?"

"नुसतं नाव."

"जन्मल्या घडीपास्नं, का शाळंत घातल्यापास्नं?"

वस्ती हसायला लागली. तुमचे कान लाल झाले. तुम्ही कागदाची घडी घातलीत आणि म्हणालात, "होगली बिडु." सखूआजीनं सगळ्यांच्या वतीनं टाळी वाजवली. मला त्या दिवशी कितवी पास झाल्यासारखं वाटलं ते सांगत नाही.

पण जिंकल्याचा आनंद पचायच्या आधी ते चौकीचं झालं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मोडनिंबी आणि वस्तीतली तीन पोरं शाळा सुटल्यावर शहरात नवी पेठेत गेली होती. घ्यायचं काही नव्हतं. एका कापडाच्या दुकानाच्या काचेत नवी बाहुली उभी केली होती, माणसाएवढी, ती बघायला. तेवढ्यात त्याच दुकानातनं साड्यांचा एक गठ्ठा नाहीसा झाल्याचा ओरडा झाला. दुकानासमोर कोण उभं होतं? ही पोरं. तिथल्या शिपायानं वस्तीची म्हणून ओळखली आणि चौकीत नेली.

मला कळलं तसा मी पळत गेलो. या वयात पळालो. तुम्ही माझ्या आधी पोचला होता. पोरं भिंतीला लागून ओळीनं उभी होती. ती ओळ बघितली आणि माझ्या अंगावर तारेतली हजेरी उभी राहिली. अगदी तशीच ओळ. तार तोडून एवढी वर्षं झाली आणि माझी नात हजेरीला उभी.

साहेबानं विचारलं, "नाव?"

"निर्मला भगवान हजारे." तुम्ही शिकवलं होतं तसं. ताठ उभी राहून, स्पष्ट.

कोपऱ्यातला हवालदार हसला. "खोटं हाय साहेब. वस्तीत हिला मोडनिंबी म्हनत्यात. बापाचं नाव भोंग्या."

साहेबानं पेन उचललं. "एवढ्याशा पोरीला दोन नावं? आणि बापाला पण दोन? लिहा. निर्मला ऊर्फ मोडनिंबी."

गुरुजी, तुमच्या घरात कुणाला हे 'ऊर्फ' लागलं नसेल. आम्हाला ते माहीत आहे. तारेतल्या वहीत आमच्या बापांच्या नावांत 'ऊर्फ' असायचं. दोन नावांचा माणूस म्हणजे लपणारा माणूस, पळणारा माणूस. पेढीवरच्या शेठला घरात एक नाव, दुकानात एक नाव असतं, त्याला कुणी ऊर्फ म्हणत नाही. आमच्या पोराला दुसरं नाव लागलं की ते चोराचं झालं.

तुमचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, शाळेत ते नाव मी घातलंय. पोरीचा काही दोष नाही."

"म्हणजे तुम्ही नावं बदलून देता? आणखी कुणाकुणाची बदललीत?"

तुम्ही पोरांकडं बघितलंत. भिंतीला उभ्या असलेल्या चारही पोरांची नावं तुम्ही बदलली होती. शाळेतल्या सगळ्याच पोरांची बदलली होती.

मग तुम्ही खिशातनं तो कागद काढलात.

"हे काय?"

"मुलांचे हक्क. जगातल्या सगळ्या देशांनी कबूल केलेत. आपल्याही. जन्मावरनं भेद करायचा नाही असं आहे यात. संकटात आधी मुलांना सोडवायचं, असं आहे."

"जगानं कबूल केलंय?"

"हो."

"मग जगाला घेऊन या जामिनाला."

चौकीभर हशा झाला. मला वाटलं आता तुम्ही कागदाची घडी घालणार आणि ती तुमची कानडी म्हणणार. तुम्ही छत्री भिंतीला टेकवलीत, चष्मा लावलात आणि उभ्या उभ्या वाचायला लागलात. पहिल्यापासून. वर्गात वाचता त्या आवाजात. साहेब ओरडला, "बंद करा." तुम्ही वाचत होता. हवालदारानं दंडाला धरलं. तुम्ही एका हातानं कागद वर धरला आणि वाचत राहिला. नावाचं कलम आलं. तुम्ही ते वाचलंत आणि परत वाचलंत, सगळ्यात मोठ्यानं. शेवटचं कलम झालं तेव्हा भिंतीजवळची पोरं तुमच्याबरोबर म्हणायला लागली होती, पाढा म्हणतात तशी.

गुरुजी, तुमच्याशी माझं वैर जन्माचं. पण त्या घडीला साहेबानं तुमच्यावर हात उचलला असता, तर मी पुन्हा तारेत गेलो असतो. खुशीनं गेलो असतो.

थोड्या वेळानं दुकानातला माणूस सांगत आला, की गठ्ठा माडीवर सापडला, नोकरानं चुकून वर ठेवला होता. पोरांना सोडलं. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. मी साहेबाला म्हणालो, "त्ये ऊर्फ खोडा." साहेब म्हणाला, "म्हाताऱ्या, जा घरी."

परत येताना तुम्ही मोडनिंबीचं बोट धरून चालला होता. छत्री चौकीतच राहिली, तुमच्या लक्षात नव्हतं. वस्तीच्या वळणावर तुम्ही म्हणालात, "बाबा, तिला ते माझ्यामुळं चिकटलं."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही हो गुरुजी, तुमची काय चूक. मी म्हणालो, "व्हय. तुमच्यामुळंच." त्या दिवशी तुम्ही 'होगली बिडु' म्हणाला नाहीत.

मला वाटलं आता भांडण मिटलं. उद्या शाळेत जाऊन तुम्ही शाई घ्याल आणि मोडनिंबी लिहाल. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी तुम्ही नवंच काढलंत. "आता बदललं तर म्हणतील पुन्हा बदललं. दोनाची तीन होतील. थोडं थांबू. पुढं बघू." मी म्हणालो, आता तर बदललंच पाहिजे. तुम्ही म्हणालात, आता तर मुळीच नाही. झालं, परत सुरू. पण एक फरक पडला होता. वर्गात तुम्ही तिला निर्मला म्हणायचं सोडलंत. मोडनिंबीही म्हणत नव्हता. 'ए पोरी' म्हणायला लागलात. माझ्या नातीला तुमच्यापायी काही दिवस कुठलंच नाव नव्हतं.

मग तुमच्या छातीत दुखायला लागलं.

दवाखान्यात मी आलो तेव्हा तुम्ही डोळे मिटून पडला होता. मी संत्री ठेवली. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "भांडायला आलात?"

"मग काय रडाय येऊ?"

तुमच्या ओठावर हसू आलं. मग तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "बाबा, तुम्ही म्हणता मोडनिंबी. मी म्हणतो निर्मला. तिला विचारलंत का कधी?"

"तिला काय इचारायचं? म्या आजा हाय तिचा."

तुम्ही हसायला लागलात. हसता हसता खोकला आला, नर्स धावत आली, तरी हसणं थांबेना. "पारावर मला एवढं पकडलंत," तुम्ही म्हणालात, "आणि हे सुचलं नाही होय तुम्हाला? मुलांचा कागद आपण सगळ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवला!"

"तुमी तरी कुटं इचारलं?"

"नाही विचारलं," तुम्ही म्हणालात. "बघू. बरा झालो की दोघं मिळून विचारू."

तुमचं माझं ते शेवटचं बोलणं. बरा झालो की. तुम्ही दिलेला शब्द मोडायची ही तुमची पहिली वेळ, म्हणून जास्त बोलत नाही.

तुमच्या गावी, कुंभारीला, तुमच्या शेतात तुम्हाला माती दिली. तुमच्या जातीत मेलेल्या माणसाला बसवून माती देतात, ते मी पहिल्यांदा बघितलं. वस्तीतली माणसं लांब उभी होती, मोडनिंबी माझ्याजवळ होती. तुमची थोरली बहीण, अक्का, काठी टेकत पुढं आली. वाकली. आणि खड्ड्याकडं बघून तिनं हाक मारली, "तिप्पण्णा! अय्यो, नन्न तिप्पण्णा!"

नन्न म्हणजे माझा, एवढं कळलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. तिप्पण्णा कोण? आम्हाला तर त्र्यंबक गुरुजी माहीत. शाळेच्या पाटीवर त्र्यंबक, पगाराच्या कागदावर त्र्यंबक.

सगळं उरकल्यावर मी अक्काजवळ जाऊन बसलो आणि विचारलं. तिनं डोळे पुसत सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं कानडीत. तुमच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. तुम्ही झालात तेव्हा आईनं तुम्हाला उचलून उकिरड्यावर ठेवलं. कानडीत उकिरड्याला तिप्पे म्हणतात. सुईणीनं तिथनं तुम्हाला उचललं आणि आईनं सुपातल्या मूठभर जोंधळ्यावर परत विकत घेतलं. म्हणजे मरणाला वाटावं, हे कुणाचं टाकून दिलेलं पोर आहे, याला नेऊन काय करायचं. म्हणून तिप्पण्णा. "त्या नावानंच वाचला बघा तो," अक्का म्हणाली. "शाळेत मास्तरनं त्र्यंबक लिवलं. पोरं हसत हुती म्हणून. मग त्यो आमालाबी तिप्पा म्हनू देईना. आई मरताना तिप्पा म्हनली, तवा ओ दिली त्येनं. येवडंच."

गुरुजी. तिप्पण्णा गुरुजी. एवढी वर्षं मी तुमच्याशी भांडलो आणि तुम्ही हे पोटात ठेवून बसला होता? पारावर 'नावं आहेत की टिंगल' विचारताना तुम्हाला तुमचा उकिरडा आठवला होता का? साठ पोरं हसतील, असं म्हणालात, ती कुठल्या शाळेतली साठ पोरं होती? एकदा, फक्त एकदा मला सांगितलं असतं. मी हट्ट सोडला नसता. पण तुमच्याशी भांडताना मधेमधे तुमच्या पाठीवर हात ठेवला असता.

तुमच्या आईनं आपल्या पोराला उकिरड्याचं नाव देऊन मरणाकडनं सोडवलं. माझ्या आईनं मला हजेरीचं नाव दिलं, की पोराला आपण कुठं जन्मलो ते कुणापुढं झाकावं लागू नये. लाज वाटायला हवी ती हसणाऱ्या साठांना. नावं त्यांची बदला की! तुमच्या त्या जगाच्या कागदाखाली आणखी एक ओळ लिहायची राहिलीय असं माझं म्हणणं आहे. आईनं दिलेल्या नावाची मुलाला लाज वाटेल, असं कुणी वागायचं नाही. जगाला वेळ मिळाला की घालावी.

परत येताना बसमध्ये मोडनिंबी खिडकीला बसली होती. तुला कुठलं नाव पाहिजे, असं मी विचारणार होतो. ओठांवर आलं होतं. पण मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं मला आज दुःख नाही, कारण काल काय झालं ते ऐका.

मला खाली बसवल्यावर हेडमास्तरांनी माइकवर सांगितलं, "आता सातवीची विद्यार्थिनी कुमारी निर्मला हजारे फोटोला फूल वाहील." पोरींच्या ओळीत ती पहिली बसली होती. उठली नाही. त्यांनी परत पुकारलं. ती समोर बघत बसली. शेजारच्या पोरीनं कोपर मारलं, तरी नाही. हेडमास्तर माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मीच शिकवून आणली होती. मी शपथेवर सांगतो, मी एक शब्द बोललो नव्हतो.

मग ती उठली. फुलं घेतली. फोटोसमोर गेली नाही, माइकसमोर गेली. माइक उंच होता, तिनं टाचा वर केल्या.

"गुरुजींचं नाव तिप्पण्णा हुतं," ती म्हणाली. "त्येंच्या आईनं ठेवल्यालं. माझं मोडनिंबी. मला कुनी इचारलं न्हाय, म्हनून सांगते. एकच लिवा. ऊर्फ नको."

तिनं फूल वाहिलं आणि जागेवर जाऊन बसली. कुणी टाळी वाजवली नाही. शोकसभेत वाजवत नाहीत. नाहीतर सखूआजीनं सोडलं नसतं.

सभा संपल्यावर मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. यंदा ती सातवी पास होईल, तिचा दाखला निघेल आणि दाखल्यावर जे नाव चढेल ते मरेपर्यंत तिच्या मागं येईल. म्हणून आताच लिहा, असं म्हणालो. हेडमास्तर वाईट माणूस नाही. बसा म्हणाले, चहा मागवला. मग म्हणाले, "बाबा, असं तोंडी बदलता येत नाही. अर्ज, पुरावा, वरची मंजुरी. वेळ लागतो. आणि खरं सांगू, निर्मला काय वाईट आहे?"

मी चहा घेतला नाही. तुमची आठवण आली. अगदी हेच वाक्य, हीच दया.

तर गुरुजी, मी काय ठरवलंय ते तुम्हाला सांगतो आणि अंक वाचणाऱ्यांनाही सांगतो. निम्मं आयुष्य मी रोज हजेरी दिली, कारण दिली नाही तर तुरुंग होता. आता मी माझ्या मर्जीनं देणार. आज सकाळी शाळेची घंटा झाली तेव्हा मी हेडमास्तरांच्या दारात उभा होतो. अर्ज लिहून नेला होता, तो टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "हजेऱ्या, हजर." ते म्हणाले, मंजुरी यायला महिने लागतील. मी म्हणालो, मला हजेरीची सवय आहे. उद्याही जाणार. परवाही. सुट्टी असली तर बंद दारापुढं देणार. दाखल्यावर तिचं नाव येईपर्यंत.

एकटा नव्हतो. मी निघालो तेव्हा भोंग्या मागं येत होता. वाळूजचा बाप आला, पंचनाम्याची आई आली. सखूआजीला दोघांनी धरून आणली. ओळीनं उभे राहिलो. या वेळी आम्हाला कुणी उभं केलं नव्हतं. एकेकानं आपलं नाव सांगितलं, आईनं ठेवलेलं, आणि हजर म्हणालं. सगळ्यांचं झालं, तरी ओळ मोडेना, काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग मीच पुकारलं.

"तिप्पण्णा."

वर्गाच्या खिडकीतनं मोडनिंबीचा आवाज आला. "हजर!"